अर्थ ऐकायचा नाही

४ मार्च

भाऊ,

तू पत्राला उत्तर देत नाहीस याची मला सवय झाली आहे. पण या पत्राला दे.

आमच्या शाळेच्या वसतिगृहात यंदा बाहेरगावची काही मुलंमुली घेणार आहेत. राहणं-जेवण शाळेकडे. परीक्षा एकच, वाचून दाखवायचं. कधी न पाहिलेलं एक पान हातात देतात. ते मोठ्यानं वाचायचं आणि मग त्यावर चार वाक्यं बोलायची. मुख्याध्यापिका स्वतः ऐकायला बसतात. आम्ही सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणतो. त्यांचं म्हणणं, लिहिताना मूल शेजारच्याचं बघून लिहू शकतं, वाचताना कुणाचं बघणार?

तुझी दोन्ही मुलं वयात बसतात. दोघांना घेऊन ये. थोरल्याचं तू बघशीलच. मी हे लिहिते आहे ते धाकटीसाठी.

आपल्या घरात मुलीला शाळेत ठेवायला काय करावं लागलं, ते तुला सांगायला नको. अण्णांनी माझं नाव शाळेतून काढायचं ठरवलं, तेव्हा तू जेवण सोडलंस. एवढासा होतास. भिंतीकडे तोंड करून बसलास आणि म्हणालास, "ताई जाणार नाही तर मीपण जाणार नाही." अण्णांनी आधी तुला मारलं, मग माझी फी भरली. आज मी इथे पोरांना वाचायला शिकवते, ती त्या उपाशी पोरामुळे. वर्गात नवं मूल आलं की मला अजून तू आठवतोस.

दोघं कसं वाचतात ते सविस्तर लिही. मला आधी माहीत असलं तर बरं. वहिनीला म्हणावं, इस्पितळाच्या धुलाईत राबतेस ते ठीक, पण हातांकडे बघ.

ताई

१५ मार्च

ताई,

पत्र मिळालं. माझ्या उजव्या अंगठ्याला सूज आहे. म्हणून मी सांगतो आहे आणि थोरला लिहून घेतो आहे. अक्षर त्याचं.

काम चालू आहे. छापखान्यानं प्रूफं घरी तपासायची मुभा दिली आहे. आता फक्त औषधांची पत्रकं करतो, खोक्यात घडी घालून ठेवतात ती. ती कुणी वाचत नाही. पण एक शून्य जास्त पडलं तर माणूस जातो, म्हणून एकानं तरी वाचावी लागतात.

थोरला बरा वाचतो. त्याला खिडकीपाशी टेबल करून दिलं आहे. तो वाचायला बसला की घरात कुणी त्याला हाक मारत नाही. गोष्टीची पुस्तकं आणून देतो.

धाकटीला वाचनाची ओढ नाही. पुस्तक घेऊन बसलेली मी तिला कधी पाहिलेली नाही. घरात हाताशी असते. हिला कामावरून यायला उशीर होतो, तेव्हा तिच्यावाचून चालत नाही. तू म्हणतेस म्हणून तिलाही आणतो. पण आशा ठेवू नकोस.

जुन्या गोष्टी काढू नकोस. मला तेव्हा फारशी भूक नव्हती.

भाऊ

१८ एप्रिल

भाऊ,

परवा तुम्हाला गाडीत बसवलं आणि आज निकाल लागला. थोरल्याला घेतलं. धाकटीला नाही.

मी नात्यातली म्हणून मला खोलीत बसू दिलं नव्हतं. सांगते ते सगळं मोठ्या बाईंकडून ऐकलेलं. तू दाराबाहेर बाकावर होतास, तूही ऐकलं असशील.

पान एका विसराळू माणसाचं होतं. त्याची छत्री हरवते आणि तो सगळीकडे शोधत फिरतो. थोरला सात ठिकाणी अडखळला, एक ओळ सोडून गेला. पण गोष्ट सांगायला सांगितल्यावर त्यानं ती रंगवून सांगितली. वर एक कुत्राही घातला. पानात कुत्रा नव्हता. मोठ्या बाई हसल्या. म्हणाल्या, "पोराला चव आहे."

धाकटीचं कळत नाही. एका दमात, एका सुरात वाचत गेली. एक चूक नाही. वाक्य संपलं की "पूर्णविराम" म्हणायची, मध्ये "स्वल्पविराम" म्हणायची. त्या पानावर एक ओळ चुकून दोनदा छापली गेली होती. ती तिनं दोनदा वाचली. कुणाला हसू आवरलं नाही. ती हसली नाही. मोठ्या बाईंनी विचारलं, "मग छत्री कुठे होती?" तर म्हणाली, "तिकडे लक्ष दिलं नव्हतं." पुन्हा विचारलं, तर तेच. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "यंत्र आहे. उद्धट असती तरी मी घेतली असती."

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. भाऊ, तिच्या अशा वाचण्यामागे काही कारण असेल, घरी काही वेगळं होत असेल, तर मला खरं लिही. घरून कारण आलं तर मोठ्या बाई तिला पुन्हा एकदा ऐकायला तयार आहेत. मे अखेरपर्यंत जागा ठेवते म्हणाल्या. तुझं एक वाक्य पुरे आहे.

थोरल्यानं लिहून घेतलेलं तुझं पत्र मी त्यांना दाखवलं होतं. असं अक्षर आणि अशी अचूकता या वयात त्यांनी पाहिली नव्हती. त्याचाही उपयोग झाला.

एक सांगायचं राहिलं. तू काळा चष्मा लावून सारा वेळ धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होतास. अण्णांनी माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. बघून बरं वाटलं.

ताई

३० एप्रिल

ताई,

थोरल्याचं ऐकून समाधान वाटलं. त्याचे कपडे शिवायला टाकले आहेत.

धाकटीचं विचारलंस. घरी वेगळं काही होत नाही. तिची वृत्तीच तशी. कुठे लक्ष म्हणून लागत नाही. तिला पुन्हा बोलावून पुन्हा हसं करून घेण्यात अर्थ नाही. तिलाही यायची इच्छा नाही. मी विचारलं.

जागा दुसऱ्या कुणा मुलीला देता आली तर द्यावी. आग्रह धरू नकोस.

अंगठा अजून दुखतो. हे पत्रही थोरल्याच्या हातचं.

भाऊ

२० जून

भाऊ,

थोरला पोचला. पहिल्या रात्री रडला, दुसऱ्या दिवशी कुस्ती खेळून ओठ फोडून घेतला. म्हणजे रुळला.

धाकटीची जागा एका सुताराच्या मुलीला मिळाली. मोठ्या बाईंनी मला दोनदा विचारलं, "तुझ्या भावाकडून काही आलं का?" मी म्हटलं, "माझा भाऊ मुलीच्या शिक्षणाच्या आड येणारा माणूस नाही. तो नाही म्हणतो, म्हणजे खरंच नाही." दुसऱ्या कुणा बापानं असं लिहिलं असतं, तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते. तू लिहिलंस म्हणून गप्प बसले.

आपण एकाच घरात वाढलो. कधी कधी वाटतं, तुझ्या घरात एक चक्कर मारून यावं. पण सुट्टी मिळत नाही, आणि तू बोलावत नाहीस.

ताई

२ जुलै

ताई,

थोरला नाही म्हणून घर गप्प आहे. त्याचं टेबल तसंच ठेवलं आहे. त्यावर कुणी काही ठेवायचं नाही असं मी सांगितलं आहे.

त्याला सकाळी लवकर उठवत जा. दूध आवडत नाही, तरी द्यावं. पुस्तकं लागली तर कळव. आणि रोज थोडं मोठ्यानं वाचून घे. मनातल्या मनात वाचतो तेव्हा तो पानं गाळतो.

आमचं ठीक आहे. पत्रकं वाढली आहेत. नवं काही लिहिण्यासारखं नाही.

भाऊ

१० जुलै

धाकटे,

हे पत्र तुला एकटीला आहे. म्हणून घरी न पाठवता तुझ्या आईच्या कामाच्या पत्त्यावर पाठवते आहे.

तुझ्या बाबांचं दोन तारखेचं पत्र माझ्यासमोर आहे. तेच सुंदर, सरळ अक्षर. आणि शेजारी थोरल्याची वही आहे. त्या वहीतलं अक्षर म्हणजे मुंग्यांनी शाईत पाय बुडवून काढलेली पळापळ. थोरला आता तिथे नाही, तर हे पत्र कुणी लिहिलं?

मी त्याला बोलावून विचारलं. तो काचेची गोटी खिशात चाचपत म्हणाला, "बाबांची पत्रं धाकटीच लिहिते. प्रूफंपण तीच वाचते."

मी म्हटलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

मी तुला विचारते आहे. आधीची पत्रंही तूच लिहिलीस का? बाबांना काय झालं आहे? त्या दिवशी मोठ्या बाईंसमोर तू तसं का वाचलंस? आणि तुझ्याबद्दल जे लिहिलं गेलं ते तुझ्याच हातून लिहिलं जात होतं, तर तू एक ओळ आपली का घातली नाहीस?

घाबरू नकोस. जसं असेल तसं लिही.

आत्या

१९ जुलै

आत्या,

आईनं मला धुलाईत बोलावून घेतलं आणि तुझं पत्र दिलं. म्हणाली, "उत्तर लिही. पण मला वाचून दाखवू नकोस. ह्यांनी विचारलं तर मला माहीत नव्हतं, हे खरं असलं पाहिजे." मी चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहिते आहे. ओळी वर-खाली गेल्या तर त्यामुळे.

तू ज्या क्रमानं विचारलंस त्याच क्रमानं लिहिते.

हो, सगळी पत्रं मी लिहिली. "अक्षर थोरल्याचं", हेही मीच लिहिलं.

बाबांना डाव्या डोळ्यानं काही दिसत नाही. उजव्यानं खिडकी कुठे आहे तेवढं दिसतं. छापखान्यात कुणाला माहीत नाही. कळलं तर काम जाईल. आम्ही काम असं करतो. आधी मी मूळ प्रत मोठ्यानं वाचते आणि बाबा ती डोक्यात ठेवतात. मग मी प्रूफ वाचते. जिथे फरक येतो तिथे ते "थांब" म्हणतात. स्वल्पविरामसुद्धा म्हणावा लागतो, नाहीतर तो त्यांना कसा कळणार? ओळ दोनदा छापली असेल तर दोनदा वाचावी लागते. खुणा मी करते. सही बाबा करतात, मी बोट ठेवते तिथे.

आधी थोरला वाचायला बसायचा. तो "दिवसातून दोनदा" असेल तिथे "रोज दोन वेळा" वाचायचा. बाबा म्हणायचे, "अर्थ ऐकायचा नाही. अर्थ ऐकला की डोळा पुढे पळतो आणि कागदावर नाही ते वाचतो." त्याला ते जमेना. बाबांनी त्याला खिडकीपाशी टेबल दिलं आणि म्हणाले, "तू तुझी पुस्तकं वाच." तो चुकला म्हणून सुटला. मी चुकत नाही.

मोठ्या बाईंनी पान दिलं तेव्हा मी घरी वाचते तसं वाचलं. छत्री त्या माणसाच्या काखेतच होती. ते मला वाचतानाच कळलं होतं. मला सगळंच कळतं. कुठल्या गोळीनं चक्कर येते आणि कुठली उपाशीपोटी घ्यायची नाही, तेही माहीत आहे. पण दार उघडं होतं आणि बाबा बाहेर बसले होते. मी अर्थ ऐकते हे त्यांना कळलं असतं, तर माझ्या वाचण्यावरचा त्यांचा भरवसा गेला असता. म्हणून मी म्हटलं, तिकडे लक्ष दिलं नव्हतं. मला वाटलं, घरी गेल्यावर बाबा तुला खरं कारण कळवतील. गाडीत ते म्हणाले होते, "आत्याला सगळं लिहू."

मग तुझं पत्र आलं. ते मीच त्यांना वाचून दाखवलं. "तुझं एक वाक्य पुरे आहे. पूर्णविराम." मी तिथे थांबले नाही. एका सुरात पुढे वाचलं. बाबांनी ते पत्र मागून घेतलं आणि चाचपत त्याची घडी घातली. मग म्हणाले, "घे कागद." मी घेतला. ते म्हणाले, "तिची वृत्तीच तशी." मी लिहिलं, तिची वृत्तीच तशी. ते म्हणाले, "तिलाही यायची इच्छा नाही. मी विचारलं." मी तेही लिहिलं. त्यांनी विचारलं नव्हतं. लिहून झाल्यावर नेहमीसारखं म्हणाले, "वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. त्यांनी कुठेही "थांब" म्हटलं नाही.

तू विचारतेस, मी एक ओळ आपली का घातली नाही. आपल्या मनाचं घालायचं नाही, हेच तर मला येतं. घातली असती तर मी थोरल्यासारखी झाले असते.

आणि दुसरं, मला वाटलं तुला कळेल. आम्ही आलो होतो तेव्हा तू आम्हा दोघांना फळ्यावर आपापलं नाव लिहायला सांगितलंस. तू तिथेच उभी होतीस. माझं अक्षर बघून "छान" म्हणालीस आणि थोरल्याच्या पाठीवर थाप मारलीस. तू वाचायला शिकवतेस. म्हणून मी फळ्यावर प्रत्येक अक्षर मार्चच्या पत्रात काढलं होतं तसंच काढलं. तू उत्तर पाठवलंस, "असं अक्षर या वयात." तेही मी बाबांना वाचून दाखवलं.

बाबा वाईट नाहीत, असं इथे लिहावं असं आईचं मत आहे. मला खात्री नाही, म्हणून लिहीत नाही.

धाकटी

२६ जुलै

भाऊ,

हे पत्र धाकटी तुला वाचून दाखवते आहे. मला ते माहीत आहे, आणि आता तुलाही कळलं की मला माहीत आहे.

तुझे डोळे गेले हे तू माझ्यापासून लपवलंस. त्याचा मला राग नाही. माणूस असं लपवतो. मला सांगितलं असतंस तर मी रडले असते आणि मग काहीतरी केलं असतं. पण तू काय केलंस? ती वाचत नाही, असं तिच्याकडूनच लिहवून घेतलंस. तिला इच्छा नाही, हे तिच्याच हातानं. अण्णांनी माझं नाव कापायचं ठरवलं, तेव्हा निदान पेन स्वतःच्या हातात धरलं होतं.

मोठ्या बाईंना मी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे. माझा भाऊ आड येणारा नाही. शाळेत सगळ्यांसमोर मी तुझी हमी दिली. त्या हमीवर तिची जागा गेली. तो भिंतीकडे तोंड करून बसलेला पोरगा मी आयुष्यभर जपला रे, आणि तू त्याच्याच आडोशाला उभा राहून मला फसवलंस. आता मला तो पोरगाही खरा वाटत नाही. कदाचित तुला त्या दिवशी खरंच भूक नसेल.

आणि मी. फळ्यावर अक्षर बघितलं, पत्रात अक्षर बघितलं, आणि थाप मारली ती थोरल्याच्या पाठीवर. तो हिशोब माझा आहे. तो मी तिच्याशी करीन, तुझ्याशी नाही.

आता ऐक. वसतिगृहात जागा नाही. पण मोठ्या बाईंना मी सगळं सांगितलं आहे. त्या धाकटीला नऊ ऑगस्टला पुन्हा ऐकणार आहेत, दार लावून. पास झाली तर वर्गात बसेल आणि माझ्या घरी राहील. तू तिला पाठव. तुझ्या छापखान्यात मी एक शब्द बोलणार नाही. पण तू पाठवलं नाहीस तर मी स्वतः येऊन तिला घेऊन जाईन, आणि तेव्हा तुझ्या दारात उभं राहून काय बोलेन, हे मला आत्ता सांगता येत नाही.

धाकटे, हे सगळं त्याला वाचून दाखव. एकही शब्द गाळू नकोस.

ताई

३ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र ऐकलं. फार वाईट वाटलं. गुडघ्याचं दुखणं इतकं वाढलं असेल असं वाटलं नव्हतं. सकाळी उठताना आखडतो आणि जिना उतरताना कळ येते, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं राहिलेलं नाही. तू स्वतःच्या दुखण्याबद्दल कधी लिहीत नाहीस. लिहिलंस त्यावरून समजलो.

घरात झाडलोट, पाणी, बाजार याला माणूस हवं, हे तुझं खरं आहे. परक्या बाईपेक्षा घरची मुलगी बरी. धाकटी कामाला चपळ आहे. उलट बोलत नाही. वर्षभर ठेवून घे, जास्त लागलं तर जास्त. मला इथे थोडी अडचण होईल. छापखान्याला कळवलं आहे की काही दिवस पत्रकं दुसऱ्या कुणाकडे द्या. तू त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. बहिणीनं कधी नव्हे ते काही मागितलं आणि भावानं नाही म्हटलं, असं माझ्याकडून होणार नाही.

शाळेचा विषय तू पुन्हा काढला नाहीस, हे बरं केलंस. एप्रिलमध्ये तुला नाही म्हणणं मला जड गेलं होतं.

सात तारखेला तिला घेऊन येतो. हिनंही रजा काढली आहे. तुला भेटून आम्ही दोघं त्याच दिवशी परत फिरू. तू स्टेशनवर यायची धडपड करू नकोस.

गुडघ्याला ऊब देत जा.

भाऊ

आत्या, यापुढचं बाबांनी सांगितलेलं नाही.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. कागद तुझाच हातात धरला आणि दुसरं वाचलं. तुझं वाचलं असतं, तर त्यांनी त्याचीही घडी घातली असती आणि मग म्हणाले असते, "घे कागद." पुढचं मला माहीत आहे. शाळेसाठी ते मला पाठवणार नाहीत. तुझं घर झाडायला पाठवतील, असं मला वाटलं. ते बरोबर निघालं.

पूर्णविराम, स्वल्पविराम सगळे म्हटले. मध्ये एकदा ते "थांब" म्हणाले. मला वाटलं, सापडले. त्यांनी विचारलं, "कुठला गुडघा?" मी म्हटलं, "डावा." मग ते डोळे पुसत होते. त्यांच्या डोळ्यांना तसंही पाणी येतं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

आता त्यांनी मला हे पत्र वाचून दाखवायला सांगितलं आहे. मी वर "भाऊ" लिहिलं आहे तिथपर्यंत वाचीन.

सात तारखेला ते दाराशी असतील. त्यांना दिसत नाही, पण पावलं ओळखतात. आम्ही कडी वाजवली की सावकाश ये. डावा पाय ओढत ये.